इंजिनाचे फेरे आणि पेट्रोलचा हिशेब

शिक्षकांच्या एका उन्हाळी शिबिरात 'कार्य, शक्ती आणि ऊर्जा' हा पाठ घेऊन झाला आणि मागच्या बाकावरून एका सरांनी प्रश्न टाकला. "मी गाडी ताशी ५० किलोमीटर वेगाने तिसऱ्या गिअरमध्ये नेली काय किंवा पाचव्या गिअरमध्ये नेली काय, रस्ता तोच, हवेचा विरोध तोच. म्हणजे केलेले कार्य तेवढेच. मग पाचव्यात पेट्रोल कमी का लागते?"

प्रश्न चोख आहे. यावर बहुतेक जण पटकन म्हणतात, "इंजिन कमी फिरते म्हणून." जणू प्रत्येक फेऱ्याला पेट्रोलचे एक ठरलेले माप लागते! तसे नाही. पाचव्या गिअरमध्ये फेरे कमी होतात, पण प्रत्येक फेऱ्यामागे जास्त पेट्रोल जळते. तरीही एकूण बचत होते. ती कोठून येते, ते पाहू.

समजा, माणसांसह गाडीचे वस्तुमान १००० किलोग्रॅम आहे. सपाट डांबरी रस्त्यावर चाके फिरण्याला होणारा विरोध साधारण १३० न्यूटन आणि ताशी ५० किलोमीटरला हवेचा विरोध सुमारे ७५ न्यूटन. एकूण दोनशे न्यूटन धरू. हा वेग म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. बल गुणिले वेग केले की शक्ती येते २.८ किलोवॅट. गिअर व दंडांमधील घर्षण धरून इंजिनाने ३ किलोवॅट पुरवले की भागते. न्हाणीघरातला झटपट पाणी तापवणारा गिझर एवढीच शक्ती खातो! आणि इंजिनाची कमाल ताकद असते ५० किलोवॅटच्या आसपास. पहिलवानाला कोथिंबिरीची जुडी उचलायला लावावी, तसा हा प्रकार आहे.

आता पहिलवानाचे स्वतःचे जेवण पाहू. दट्ट्यांच्या कड्या सिलिंडरच्या भिंतींना घासतात, बेअरिंगमध्ये तेल घुसळले जाते, झडपांच्या स्प्रिंगा दाबाव्या लागतात, तेलाचा व पाण्याचा पंप चालवावा लागतो. एक लिटरच्या इंजिनात या साऱ्यासाठी दर फेऱ्याला ५० जूलच्या आसपास ऊर्जा खर्च होते असे धरायला हरकत नाही. गाडी ओढण्याचे काम हलके असो वा जड, हा खर्च फारसा बदलत नाही. तो फेऱ्यांवर अवलंबून असतो.

सर्वसाधारण लहान गाडीत ताशी ५० किलोमीटरला तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला सुमारे २५०० फेरे घेते आणि पाचव्यात सुमारे १५००. म्हणजे सेकंदाला ४२ आणि २५. पन्नासने गुणा. घर्षणात तिसऱ्या गिअरला २.१ किलोवॅट जातात, पाचव्याला १.२५. गाडी ओढायला तीन आणि इंजिन स्वतःलाच फिरवायला दोन!

दुसरा खर्च थोडा लपलेला असतो आणि मला तो अधिक गमतीचा वाटतो. तो वर्गात दाखवता येतो. सुई नसलेली इंजेक्शनची सिरिंज घ्या, तिचे तोंड बोटाने बंद करा आणि दट्ट्या ओढा. केवढा जोर लागतो! पेट्रोल इंजिनाची ताकद कमी-जास्त करण्याची रीत हीच आहे. हवा आत येण्याच्या वाटेवर एक झडप असते. ॲक्सिलरेटरवरचा पाय हलका ठेवला की ती जवळजवळ बंद राहते. मग प्रत्येक दट्ट्याला चोंदलेल्या वाटेतून हवा ओढावी लागते, अगदी तुमच्या सिरिंजसारखी. हलक्या कामावर याला फेऱ्यामागे तीसेक जूल लागू शकतात. पाचव्या गिअरमध्ये तेच तीन किलोवॅट कमी फेऱ्यांतून काढायचे असल्याने झडप जास्त उघडावी लागते, वाट मोकळी होते आणि हा खर्च समजा पंचवीसवर येतो. शक्तीत सांगायचे तर तिसऱ्यात सुमारे सव्वा किलोवॅट, पाचव्यात जेमतेम ०.६.

बेरीज करा. तिसऱ्या गिअरमध्ये ६.३ किलोवॅट, पाचव्यात ४.९. जवळजवळ पाचवा हिस्सा वाचला. आकडे गाडीगणिक बदलतील, दिशा बदलणार नाही. सरांचे 'कार्य तेवढेच' हे म्हणणे बरोबर होते, पण ते चाकांपाशी. सिलिंडरच्या आतले कार्य तेवढेच नव्हते.

डिझेल इंजिनात हवा अडवणारी अशी झडप ताकद कमी करण्यासाठी वापरत नाहीत, तेथे डिझेलचे प्रमाणच कमी करतात. त्यामुळे तेथे मुख्यतः घर्षणाची बचत होते.

मग फेरे आणखी कमी का करू नयेत? हजाराच्या खाली? फेरे फार मंदावले की दोन स्फोटांमध्ये अंतर पडते, गाडी हिसके देऊ लागते. तप्त वायूला सिलिंडरच्या भिंतींशी रेंगाळायला वेळ मिळतो आणि उष्णता भिंतींत जास्त जाते. बेअरिंगमधला तेलाचा पापुद्रा वेगावरच टिकतो, तो पातळ होतो. अशा वेळी चढावर पाय खाली दाबला तर पेट्रोल अवेळी पेटून टकटक आवाज येतो, त्यालाच मेकॅनिक 'नॉकिंग' म्हणतात. टर्बो बसवलेल्या नव्या पेट्रोल इंजिनांत तर कमी फेऱ्यांवर पूर्ण जोर मागितल्यास ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटून दट्ट्या फुटू शकतो. इंजिन 'लोड घेतंय' असे वाटले की मुकाट्याने एक गिअर खाली यावे. तेथे कंजूषपणा करू नये.

पेट्रोल वाचवण्याच्या नावाखाली एक गोष्ट मात्र सर्रास चालते आणि ती धोक्याची आहे. घाट उतरताना गाडी न्यूट्रल करणे. कार्ब्युरेटरच्या जमान्यात यामागे थोडा तरी हिशेब होता. २००० च्या सुमारास आपल्याकडे नव्या पेट्रोल मोटारींत इंजेक्शन पद्धत आली आणि तो हिशेब उलटला. गाडी गिअरमध्ये असताना पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की फेरे पुरेसे असेपर्यंत पेट्रोलचा पुरवठा पूर्ण बंद होतो, चाकेच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन बंद पडू नये म्हणून पेट्रोल द्यावेच लागते, तासाला अर्धा-पाऊण लिटर.

शिवाय लोणावळ्याहून खोपोलीला उतरताना उंची साधारण ५५० मीटरने कमी होते. आपल्या १००० किलोग्रॅमच्या गाडीची तेवढ्या उंचीची स्थितिज ऊर्जा ५४ लाख जूल, म्हणजे सतरा लिटर गार पाणी उकळीला आणण्याइतकी. तिचा काही भाग चाके आणि हवा खातात. गिअर असेल तर इंजिनाचे तेच घर्षण, ज्याच्या नावाने आपण इतका वेळ बोटे मोडली, मोठा वाटा उचलते. न्यूट्रलमध्ये उरलेले सगळे ब्रेकवर येते.

हे ऐकल्यावर सर म्हणाले, "पण आमच्याकडे घाटात सगळे न्यूट्रलच करतात." मी त्यांना पायथ्याशी पोहोचल्यावर ब्रेकचा वास घेऊन पाहायला सांगितले आहे.