बर्फाच्या पोटाखालची ऊब

देवघरात लावतात तो चिमुकला एलईडी दिवा अर्ध्या वॉटचा. असे चार दिवे एका चौरस मीटरवर वर्षभर तेवले, तर त्यांच्या उष्णतेने साधारण २० सेंटिमीटर जाडीचा बर्फ वितळेल. १९७१ साली मेकट आणि उंटरस्टायनर यांनी आर्क्टिकच्या सागरी बर्फाचं गणित मांडताना समुद्राकडून मिळणारी उष्णता एवढीच, चौरस मीटरला दोन वॉट, धरली होती. त्यावर बर्फाची जाडी तीन मीटरच्या आसपास स्थिरावली.

धरणं सोपं होतं, मोजणं महाकठीण.

खाली उष्णता नाही असं मुळीच नाही. ‘फ्राम’ जहाज मुद्दाम बर्फात अडकवून १८९३ ते १८९६ वाहत नेणाऱ्या शोधप्रवासी नान्सेनच्या मोहिमेला गार थराखाली अटलांटिकहून आलेलं उबदार पाणी सापडलं. वरचं पाणी कमी खारट, म्हणून हलकं. ते झाकणासारखं बसतं आणि खालची ऊब सहसा वर येत नाही.

थोडी येते ती पाण्यातल्या भोवऱ्यांच्या खांद्यावरून. बर्फाखालचं पाणी उणे १.८ अंशांच्या जवळपास, गोठणबिंदूहून बहुतेक वेळा अंशाच्या काही शतांशांनीच वर. ही उष्णता मोजायची तर बर्फाला भोक पाडून काही मीटर खाली यंत्रं सोडायची, पाण्याची वर-खाली हालचाल आणि तापमान सेकंदाला अनेकदा टिपायचं, दोहोंच्या चढउतारांचा गुणाकार करून सरासरी काढायची. माइल्स मॅकफी यांनी याच कामाला आयुष्य दिलं. रोज एवढा खटाटोप शक्य नसतो, म्हणून एक आडवाटही आहे: बर्फ-पाण्यातल्या घर्षणाचा वेग, गोठणबिंदूवरचं जादा तापमान आणि ०.००५७ हा गुणांक यांवरून अंदाज बांधायचा. (एका गुणांकावर अवघ्या ध्रुवाची मदार, हे मला आजही जरा धाडसाचंच वाटतं.)

तिसरी पद्धत वाण्याच्या वहीसारखी. बर्फात रोवलेल्या बोयाची तापमापकांची माळ सांगते वर किती उष्णता गेली, ध्वनिलहरींनी अंतर मोजणारं यंत्र सांगतं तळ किती वाढला वा झिजला. जुळत नाही ती बाकी समुद्राच्या नावावर. साऱ्या चुकाही तिथेच जमा होतात.

मोजमापांतून निघालेला धक्का मात्र वेगळाच. १९७५-७६च्या नोंदी तपासून मेकट आणि मॅकफी यांनी १९९५मध्ये दाखवलं की उन्हाळ्यात बर्फाचा तळ झिजवणारी उष्णता खोलातून नव्हे, मुख्यतः सूर्याकडून येते. भेगांतल्या काळ्या पाण्यात ऊन शिरतं, ते पाणी बर्फाखाली सरकतं. २००७च्या उन्हाळ्यात ब्यूफोर्ट समुद्रात एका ठिकाणी तळाकडून २.१ मीटर बर्फ गेला, तो असाच. सगळा दोष खोल अटलांटिक पाण्यावर ढकलणाऱ्यांनी हे वाचायला हवं.

तरी त्या पाण्यावर नजर हवीच. बर्फाच्या काठावर, स्वालबार्डच्या बाजूला, ते वरपर्यंत येतं. तिथल्या कोंग्सफ्योर्डमध्ये जुलै २०१४ मध्ये सुमारे १९२ मीटर खोलीवर भारताची ‘इंडआर्क’ ही नांगरलेली वेधशाळा उतरवली गेली. त्या कामात गोव्यात वास्कोला असलेलं आपलं ध्रुवीय संशोधन केंद्रही होतं.