खरखरीचं गणित

रॉकमधल्या गिटारची खरखर आवडणं ही निव्वळ सवय, असं म्हटलं जातं. मला ते अर्धंच पटतं. ओव्हरड्राइव्ह पेडलमधले डायोड ध्वनिलहरींचे माथे छाटतात आणि त्या छाटणीतून मूळ सुरांत नसलेल्या कंप्रता जन्मतात. ११० हर्ट्झचा षड्ज आणि १६५ हर्ट्झचा पंचम एकत्र छेडले, की त्यांच्या फरकाचा, ५५ हर्ट्झचा सूरही उमटतो. तो नेमका खालच्या सप्तकातला षड्ज! षड्ज-पंचमाची ही जोडी, म्हणजे 'पॉवर कॉर्ड', भरदार वाटते ती त्यामुळेही. पंचमाऐवजी गिटारच्या पडद्यावरचा गंधार (१३८.६ हर्ट्झ) घेतला, तर फरक २८.६ येतो, तो षड्जाशी जुळत नाही आणि सगळं गढूळ होतं. रॉकवाल्यांनी गंधार अनेकदा गाळला तो उगाच नव्हे.

मग आयबानेझचा ट्यूब स्क्रीमर एकाला प्रिय, दुसऱ्याला नकोसा, हे कसं? हे पेडल खर्ज कापून मधल्या कंप्रता पुढे आणतं. स्टीव्ही रे व्हॉनसारख्या ब्लूज-रॉक वादकाला ते मानवलं, कारण ड्रम्स आणि बेसच्या गर्दीतही गिटार स्पष्ट ऐकू येते. घरात एकट्याने वाजवणाऱ्याला तोच आवाज नाकातून बोलल्यासारखा वाटू शकतो. डायोडची छाटणी दोन्हीकडे तीच असते.