आंबिवली : कारखान्यामागे उरलेली वसाहत

मध्य रेल्वेच्या कसारा मार्गावर कल्याणनंतर शहाड लागते आणि त्यापुढे आंबिवली. टिटवाळ्याच्या गणपतीला जाणारे भाविक हे स्थानक गाडीच्या खिडकीतूनच पाहतात. एकेकाळी मात्र पाळी बदलण्याच्या वेळी येथे कामगारांची रीघ लागत असे. नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन हे तिचे कारण. लोकांच्या तोंडी हे नाव 'एनआरसी' असेच रुळले.

कंपनीची स्थापना १९४६ची. रेयॉन कसे बनते हे पाहिले की जागेची निवडही उलगडते. लाकडाचा लगदा कॉस्टिक सोड्यात मुरवायचा, त्यावर कार्बन डायसल्फाइडची प्रक्रिया करून मधासारखा दाट द्राव तयार करायचा आणि तो बारीक छिद्रांतून आम्लाच्या कुंडात सोडायचा, की धागा तयार होतो. हा धागा पुन:पुन्हा धुवावा लागत असल्याने पाणी अमाप लागते. रसायने आणि लगदा आणण्यासाठी रेल्वे, पाण्यासाठी उल्हास नदी, असा दुहेरी लाभ येथे होता. वापरलेले पाणी सोडण्यासही नदीच सोयीची होती, हेही नोंदवले पाहिजे.

आंबिवली-मोहने परिसराची रचना या कारखान्याभोवतीच झाली. कामगार वसाहत, कंपनीच्या नावाची शाळा, मोहन्याची बाजारपेठ या साऱ्यांची तोंडे जणू कंपनीच्या प्रवेशद्वाराकडे होती. किराणा आणि कापड दुकानदारांची उधारी महिन्याच्या पगारावर चाले. परिसराला बाहेरच्या जगाशी जोडणाऱ्या वाटा मात्र मोजक्याच राहिल्या : एक शहाडकडे, तेथून कल्याण-मुरबाड रस्त्याला मिळणारी, तर दुसरी वडवलीचे रेल्वे फाटक ओलांडून जाणारी. या फाटकावरील उड्डाणपुलाचे काम वर्षानुवर्षे रेंगाळले. पोटापाण्याचा उद्योग दाराशीच असताना रस्त्यांची निकड कोणाला भासणार?

नोव्हेंबर २००९ मध्ये एनआरसीला टाळे लागले आणि चार हजारांहून अधिक कामगार एका झटक्यात बेकार झाले. शेजारच्या शहाडची सेंच्युरी रेयॉन चालू राहिली. त्यामुळे रेयॉनचे युगच संपले होते, असे सरसकट म्हणता येत नाही. थकीत देण्यांसाठी कामगारांची आंदोलने आणि न्यायालयीन लढाई वर्षानुवर्षे सुरू राहिली. ज्यांचे ऐन उमेदीचे दिवस या यंत्रांवर गेले, त्यांतील अनेक जण देणी हाती पडण्यापूर्वीच दगावले. दिवाळखोरी प्रक्रियेतून मालमत्ता अदानी समूहाकडे गेली आणि त्यानंतर जुन्या इमारती, चाळी पाडण्यावरूनही संघर्ष झाला.

बाजाराने मात्र आपली दिशा बदलली. कंपनीच्या दारावर अवलंबून असलेला व्यापार स्थानकाकडे सरकला. मुंबई-ठाण्याला नोकरीसाठी जाणारा, परवडणारे घर शोधत येथवर आलेला वर्ग हाच आता गिऱ्हाईक आहे. तो सकाळी जातो आणि रात्री परततो. उल्हास नदीवरील मोहन्याचा बंधारा व पाणी उपसा केंद्र कल्याण-डोंबिवलीकरांची तहान भागवते. उन्हाळ्यात तेथे पसरणाऱ्या जलपर्णीची बातमी झाली, तरच या गावाचे नाव बाहेर ऐकू येते.

२०२५ मध्ये ते आणखी एका कारणाने ऐकू आले. याच जागेवर अंबुजा सिमेंटचा वर्षाला ६० लाख टन क्षमतेचा सिमेंट दळण प्रकल्प प्रस्तावित झाला. अशा प्रकल्पात भट्टी नसते. बाहेरून आलेला क्लिंकर, जिप्सम व राख एकत्र दळली जाते. तरीही धूळ आणि अवजड वाहतूक या दोन गोष्टी टळत नाहीत. सप्टेंबर २०२५ मधील जनसुनावणीत ग्रामस्थांनी या प्रकल्पास तीव्र विरोध केला. जुना कारखाना उभा राहिला तेव्हा भोवती विरळ वस्तीची गावे होती, आता खेटून इमारती आहेत. विरोध करणाऱ्यांत ज्यांच्या घरात कधीकाळी एनआरसीचा पगार येत असे, अशी कुटुंबेही आहेत. त्यांना कारखाना नको आहे असे नाही. मात्र कारखाना कोणता, हे विचारण्याचा हक्क ते मागत आहेत आणि त्याआधी जुनी देणी चुकती करा, असेही ते सांगत आहेत.