पदवी पोहोचते, आडनाव अडते

काही महिन्यांपूर्वी पनवेलच्या माझ्या कार्यालयात एक तरुण आला. मूळचा नांदेड जिल्ह्यातला, बौद्ध, अभियांत्रिकी पदविका चांगल्या गुणांनी पास झालेला. कामोठ्यात चौघांत मिळून भाड्याची खोली. एका खासगी कंपनीत मुलाखतीला गेला, तेव्हा कामाविषयी दोन प्रश्न झाले. मग गाव कोणते, गावात घर कुठल्या बाजूला, वडील काय करतात, हीच चौकशी. "कळवतो" म्हणाले, कळवले नाही. आज त्याच कंपनीत तो ठेकेदाराच्या हाताखाली माल चढवतो-उतरवतो. त्याने विचारले, "साहेब, केस होईल का?"

१९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा आहे. नोकरी-व्यवसाय करण्यास मज्जाव करणे हा २०१५ च्या दुरुस्तीने अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालीही गुन्हा ठरला. पण न आलेल्या फोनचा पंचनामा कोण करणार? नोकरी नाकारण्याचे खरे कारण कोणीही लिहून देत नाही. मला त्याला हेच सांगावे लागले.

जे एका माणसाला सिद्ध करता येत नाही, ते डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी २००७ साली आकड्यांनी सिद्ध केले. इंग्रजी वृत्तपत्रांतील खासगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना त्यांनी ४८०८ अर्ज पाठवले. पात्रता सारखी, फरक फक्त नावाचा. उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढे बोलावणे येण्याची संधी सुमारे दोन तृतीयांश, मुस्लिम नावाला एक तृतीयांश निघाली. 'मेरिट'चा डंका पिटणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

गाव सोडा, शिका, शहरात जात विचारत नाहीत, असे आपल्याला सांगितले जाते. भेदभाव करणारा मालक चांगला कामगार गमावतो, म्हणून स्पर्धेत तो टिकत नाही, असे अर्थशास्त्राच्या पुस्तकातही असते. मग मुंबईच्या गिरण्यांत काय घडले? कोकणातून, देशावरून आपली माणसे पोटासाठी तिथे गेली. पण जास्त मजुरीचे साचेखाते त्यांना बंद होते. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, त्याचा सवर्ण कामगारांना विटाळ! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. गिरण्या नफ्यावर चालत होत्या, स्पर्धाही होती, पण विटाळ काही केल्या गेला नाही. १९१७ साली परदेशातून शिकून बडोद्यात नोकरीला गेलेल्या खुद्द बाबासाहेबांना राहायला जागा मिळाली नव्हती. पदवी दारापर्यंत नेते. दार उघडणारा हात जातीचाच असतो.

आता आपल्या दारातली गोष्ट. नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. सार्वजनिक हितासाठी म्हणून सुमारे ११६० हेक्टर जमीन त्यात गेली, गावे उठली. कंपनीत अदानी समूहाचा वाटा ७४ टक्के, सिडकोचा २६. जमीन मिळवताना सरकार पुढे असते, नोकरभरती मात्र खासगी. घटनेच्या कलम १६(४) चे आरक्षण सरकारी नोकऱ्यांपुरते असल्याने ते इथे पोहोचत नाही. तळोज्याच्या एमआयडीसीत आणि बंदराभोवतीच्या गोदामांत वेगळे काय आहे?

खासगी क्षेत्रात आरक्षणाची मागणी सोडायची नाहीच. पण आज तातडीने मागायची गोष्ट आहे मोजणीची. उत्तर आयर्लंडमध्ये कॅथलिकांना नोकऱ्या नाकारल्या जात. तिथे १९८९ च्या कायद्याने खासगी मालकांनाही आपल्याकडे कॅथलिक किती, प्रोटेस्टंट किती, हे दरवर्षी कळवणे भाग पडले. सरकारी जमीन, सवलत वा ठेका घेणाऱ्या प्रत्येक कंपनीने अर्ज किती आले, मुलाखतीला कोण बोलावले, कायम कोण आणि ठेक्यावर कोण, हे प्रवर्गनिहाय जाहीर करावे. चोरी नसेल तर हिशेब द्यायला भीती कसली?

आणि आपणही जागे होऊ या. जाहिरातीचे कात्रण, अर्जाची प्रत, मुलाखतीत विचारलेले प्रश्न त्याच दिवशी तारखेसह लिहून ठेवा. प्रत्येक विहारात अशी एक वही असावी. एकट्याची तक्रार नशिबाच्या खात्यात जाते, शंभर जणांची नोंद पुरावा होते. त्या तरुणाने पहिले पान लिहिले आहे. पुढची पाने आपण लिहायची आहेत.

जय भीम!