तुळशीला तहान लागली आहे की नाही?

ग्वाल्हेरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, लू सुटते आणि गच्चीवरच्या कुंड्यांची वरची माती दुपारपर्यंत कोरडी दिसते. मग आपण दिवसातून तीनदा पाणी ओततो. तरीही तुळस जाते, कारण सतत ओल्या मातीत मुळं कुजतात.

म्हणून आधी बोट दोन पेरं मातीत खुपसून बघा. ओल लागली तर पाणी नको. दुपारी माना टाकलेली झाडं अनेकदा संध्याकाळी आपोआप सावरतात. पाणी सकाळी लवकर, तळातून निथळेपर्यंत द्या. मातीवर वाळक्या पानांचा २ इंच थर पसरा. लहान कुंड्या दुपारच्या सावलीत एकमेकींना चिकटून ठेवा. सुकलेल्या झाडाला खत घालू नका. तुळशीच्या मंजिऱ्या खुडा. मोगऱ्याचा बहर ओसरला की शेंडे छाटा. नव्या फुटीवर पुन्हा कळ्या येतात.

सुट्टीत आजोळी निघताय? पाण्याची बादली कुंडीपेक्षा उंच ठेवा आणि सुती कापडाची जाड वात तिच्यातून मातीत सोडा. दोन दिवस आधी करून बघा, म्हणजे किती पाणी उतरतं ते कळेल. शेजारच्या काकूंकडे किल्ली देणार असाल, तर ही बोटाची परीक्षाही सांगून ठेवा. नाहीतर त्या मायेपोटी तुळस बुडवतील!