घरची बेकरी – १४ : अर्धा किलो भाजीचा पिझ्झा

मागच्या भागात पातळ पिझ्झ्याचा तळ कुरकुरीत कसा करायचा ते पाहिलं. त्या पिझ्झ्याची एक अडचण उरतेच : त्यावर भाजी मावत नाही. थोडी सिमला मिरची आणि कांद्याच्या चार चकत्या पसरल्या की जागा संपते, आणखी घातली तर तळ ओला होतो. भरलेल्या पिझ्झ्यात मात्र दोन पाऱ्यांच्या मध्ये चार माणसांसाठी अर्धा किलो भाजी सहज बसते. भाजीतल्या पाण्याचा बंदोबस्त तेवढा आधी करायला हवा.

हा प्रकार शिकागोचा. १९४३ मध्ये तिथल्या पिझ्झेरिया उनोत खोलगट ‘डीप डिश’ पिझ्झा सुरू झाला. १९७४ च्या सुमारास रोक्को पालेझे यांच्या ‘नॅन्सीज’ने त्यावर दुसरी पारी चढवली, त्यामागे ईस्टरला होणाऱ्या भरल्या इटालियन पायची, ‘स्कार्चेद्दा’ची कल्पना होती. तिकडे आत चीज आणि मांस ठासून भरतात. आपण बांधणी त्यांची घेऊ, सारण आपलं भरू.

मुंबईतल्या वाकोल्याच्या स्वयंपाकघराला आंबवलेलं पीठ नवं नाही. कोले कल्याण या जुन्या गावाच्या परिसरातल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत सणासुदीला फुगे, म्हणजे आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे, होतात. त्यांचं पीठ पूर्वी ताडीने फुगवत, आता यीस्टने. आपणही यीस्टच वापरू, पण मैदा कमी करून. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम कणकेत सुमारे ११ ग्रॅम तंतू असतात, तेवढ्याच मैद्यात तीन ग्रॅमही नसतात. उष्मांक मात्र दोन्हींत जवळपास सारखेच. म्हणजे नुसतं पीठ बदलून पिझ्झा हलका होत नाही. त्यात पीठ आणि चीज कमी, भाजी जास्त असं प्रमाण जमवावं लागतं.

१५० ग्रॅम कणीक, १०० ग्रॅम मैदा, अर्धा छोटा चमचा मीठ, तेवढंच इन्स्टंट यीस्ट आणि साधारण १६५ मिली पाणी एकत्र कालवा आणि अर्धा तास झाकून ठेवा. कोंड्याचे कण ग्लुटेनचे धागे तोडतात. ते पाणी पिऊन मऊ पडले की हा त्रास कमी होतो. गिरणीतल्या दळणाला कधी जास्त पाणी लागतं, ते चमच्याचमच्याने वाढवा. मग चमचाभर तेल लावून दहा मिनिटं तिंबा. मे महिन्यातल्या मुंबईच्या उकाड्यात पीठ भराभर फुगतं. वेळेवर लक्ष ठेवण्यापेक्षा आकार बघा : दुप्पट झालं की पुरे. जास्त आंबलं तर पारी लाटताना फाटते.

आता भाजी. वाकोला मार्केटमधून पालकाची जुडी, गाजर, सिमला मिरची, कांदा, थोडे मक्याचे दाणे आणा. निवडून अर्धा किलो भरायला हवी. पालकात आणि सिमला मिरचीत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं. ते पारीच्या आत सुटलं की तळ गिच्च होतो. म्हणून पालक नुसता वाफवून घट्ट पिळा. हे काम पीठ कालवण्याआधीच उरकलंत तर पिळलेलं पाणी गार करून कणीक भिजवायला वापरता येतं. बाकीच्या भाज्या मोठ्या आचेवर, झाकण न ठेवता परता. मीठ शेवटी घाला, कारण ते भाजीतलं पाणी बाहेर ओढतं. लसूण, मिरी, ओवा घालून सारण पूर्ण गार करा. गरम सारणाच्या वाफेनेही पारी ओली होते.

चीजला दोन कामं आहेत : चव आणि तार. तार मोझरेलाची. त्यातलं कॅल्शियम दुधाच्या प्रथिनांना बांधून ठेवतं, म्हणून ते वितळून लांबतं. पनीर आम्लाने फाडलेलं असल्यामुळे वितळत नाही, पण सारणाला भरीवपणा देतं आणि ते जवळजवळ बिनमिठाचं असतं. ८० ग्रॅम मोझरेला आणि १२० ग्रॅम पनीर ही जोडी पुरते. प्रोसेस्ड चीजमध्ये मीठ बरंच असतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला पाच ग्रॅमहून कमी मिठाची आहे, हे वेष्टनावरचं सोडियम वाचताना लक्षात असू द्या.

पिठाचे दोन भाग करा, एक दुसऱ्याच्या दुप्पट. मोठ्याची पारी आठ इंची डब्यात कडांपर्यंत चढवा. तळाशी मोझरेला, त्यावर भाजी, वर कुस्करलेलं पनीर; चीजचा थर तळाला ओलाव्यापासून वाचवतो. धाकटी पारी झाकून कडा मुडपा, सुरीने चार चिरा द्या म्हणजे वाफ बाहेर पडेल. वर आटवलेला टोमॅटो पातळसा फासा. २०० अंशांवर तापलेल्या ओव्हनमध्ये अर्ध्या तासात भाजून होतो.

ओव्हन नसेल तर डबा कढईत घालायचा खटाटोप नको, वरची बाजू फिकीच राहते. पिठाचे चार गोळे करा, पुरणपोळीसारखे भरून हाताने जाडसर थापा आणि तव्यावर मंद आचेवर, झाकण ठेवून दोन्ही बाजूंनी भाजा. टोमॅटो मग वरून.

एका माणसाच्या वाट्याला सव्वाशे ग्रॅम भाजी येते. फळं-भाज्या मिळून दिवसाला निदान ४०० ग्रॅम खाव्यात असं म्हणतात. त्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा या एका वाट्यात भागतो. सोबत काकडीची कोशिंबीर ठेवा, कोल्ड्रिंक नको.

पुढच्या आठवड्यात : कणकेचा पाव घट्ट का होतो?