लाल बाजू, हिरवी बाजू

ऑक्टोबर 2004 मध्ये केंद्र सरकारचं ब्रॉडबँड धोरण आलं. सेकंदाला किमान 256 किलोबिट देईल ते ब्रॉडबँड, असं त्यात ठरलं. आज हा आकडा वाचून हसू येतं. पण विदेश संचार निगमने 15 ऑगस्ट 1995 ला इंटरनेट लोकांना खुलं केलं, तेव्हापासून जो मॉडेमची किरकिर ऐकत बसला होता आणि फोन अडवून ठेवतो म्हणून घरच्यांची बोलणी खात होता, त्याला ती चैनच वाटली. जानेवारी 2005 मध्ये बीएसएनएलची डेटावन सेवा सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत निगडी प्राधिकरण, चिंचवड, भोसरी इथल्या लँडलाइनच्या जुन्याच तारांवरून ब्रॉडबँड घरात आलं. पाचशेच्या प्लॅनवर रात्री दोन ते सकाळी आठ डाउनलोड फुकट असे. तिसऱ्या पाळीवाल्यांच्या गावात त्या वेळी जागं राहण्याचं कुणाला विशेष वाटलं नाही.

जोडणीचं निम्मं काम तेव्हा घरच्याच माणसावर पडायचं. लाइनमन स्प्लिटर लावायचा, लिंकचा दिवा स्थिर झाला की निघायचा. पुढे व्हीपीआय 0, व्हीसीआय 35, पीपीपीओई, युजरनेम, पासवर्ड. या आकड्यांचा अर्थ फारसा कुणाला माहीत नव्हता, पण ते पाठ होते.

मॉडेम दोन प्रकारे चालवता येई, आणि घराचं संरक्षण त्यावर ठरे. ब्रिज मोडमध्ये मॉडेम नुसता सिग्नल पुढे ढकलायचा. डायल कॉम्प्युटर करायचा आणि जगाला दिसणारा पत्ता थेट त्यालाच मिळायचा. ब्लास्टर नावाच्या वर्मने ऑगस्ट 2003 मध्येच दाखवून दिलं होतं, की कशावरही क्लिक न करता नुसतं जोडलेलं राहूनसुद्धा मशीन बाधित होतं. विंडोज एक्सपीची फायरवॉल आपोआप चालू झाली ती ऑगस्ट 2004 च्या सर्व्हिस पॅक 2 पासून. असेंबल केलेल्या पीसीवर कुठली कॉपी टाकली आहे, हे मात्र विचारायची सोय नव्हती.

राउटर मोडमध्ये पत्ता मॉडेमकडे राही आणि आतल्या मशीनना 192.168 ने सुरू होणारे खासगी पत्ते मिळत. आतून कुणी काही मागवलं असेल तरच बाहेरच्याला आत सोडायचं, सोसायटीच्या वॉचमनसारखं. खरं तर ही युक्ती पत्ते पुरवून वापरण्यासाठी होती. संरक्षण हा तिचा आनुषंगिक फायदा, आणि बहुतेक घरं त्याच फुकटच्या फायद्यावर निभावली.

ज्यांचं तेवढ्यावर समाधान होत नव्हतं, त्यांच्यासाठी आयपीकॉप होतं. अडगळीतला जुना पेंटियम, पुण्यातल्या तपकीर गल्लीतून आणलेलं दुसरं नेटवर्क कार्ड, एक सीडी, आणि झाली फायरवॉल. त्यात बाहेरची बाजू लाल आणि घरची बाजू हिरवी. कोणती तार कुठल्या कार्डात जाते, हे डोळ्यांना दिसायचं. यंत्र उघडून बघायची सवय असलेल्या या पट्ट्यातल्या माणसांना ही मांडणी पटकन कळायची. ब्रॉडबँडच्या सगळ्या इतिहासात एवढी स्वच्छ शिकवणी दुसरी झाली नाही, असं माझं मत आहे.

मग वायफाय आलं आणि तारेबरोबर सीमारेषाही दिसेनाशी झाली. जुलै 2008 मध्ये अहमदाबादच्या स्फोटांआधी धमकीचा ईमेल गेला, तो नवी मुंबईतल्या सानपाड्यात एका घरच्या उघड्या वायफायवरून. पोलिस आयपी पत्त्यामागे त्या घरी पोचले. दूरसंचार विभागाने 2009 मध्ये वायफाय सुरक्षित ठेवण्याच्या सूचना काढल्या. लोकांनी वायफायला पासवर्ड घातले, पण खुद्द मॉडेमचा 'अॅडमिन' तसाच राहिला. जुलै 2017 मध्ये बीएसएनएलचे 60 हजारांच्या आसपास मॉडेम मालवेअरने बंद पाडले, ते याच मूळच्या पासवर्डच्या वाटेने.

मार्च 2020 च्या लॉकडाउनमध्ये हिंजवडीची ऑफिसं वाकड, रावेत, मोशीच्या बेडरूममध्ये आली आणि अनेकांना 1492 हा आकडा नव्याने भेटला. इथरनेटचं पाकीट 1500 बाइटचं, त्यातले आठ पीपीपीओई खातं. त्यावर ऑफिसच्या व्हीपीएनचं वेष्टन चढलं आणि राउटरला हिशेब जुळवता आला नाही, की लॉगिन होई, छोटे मेल येत आणि मोठी फाइल मध्येच अडकून बसे. दोष मात्र नेहमी 'स्पीड'ला दिला जाई. राउटरमध्ये एमएसएस क्लॅम्पिंग नावाची एक खूण केली की काम भागे. पण ती कुठे असते हे ठाऊक असलेला माणूस आता घरात नव्हता.

कारण तोवर फायबर आलं होतं. चाकण-मोशीच्या नव्या टॉवरमध्ये तंत्रज्ञ येतो, पांढरा डबा लावतो, मोबाइलवर स्पीड दाखवतो आणि जातो. डबा कंपनीचा, त्याची सेटिंग कंपनी दुरून बदलते. आयपीव्ही4 पत्त्यांच्या टंचाईमुळे अनेक घरांचा पत्ताही खासगीच असतो. कंपनीच्या दारातच आणखी एक वॉचमन. घरचा कॅमेरा बाहेरून थेट पाहायला जावं, तर पोर्ट उघडूनही उपयोग होत नाही. आयपीव्ही6 मध्ये उलटा प्रकार: टीव्हीपासून कॅमेऱ्यापर्यंत प्रत्येकाला जगाला दिसणारा पत्ता मिळतो, आणि जुन्या युक्तीने आपसूक मिळणारा आडोसा तिथे नाही. अडवायचं काम फायरवॉलच्या नियमानेच करावं लागतं. तो नियम त्या पांढऱ्या डब्यात चालू आहे की नाही, हे बघायला अॅडमिन पासवर्ड लागतो. तो मागितला की तंत्रज्ञ आधी आपल्या सिनियरला फोन लावतो.